रेंज आकाशातून येईल, पण मागणीची पोच कोण देणार? उपग्रहावरील मोबाईल सेवा आणि रोजगार हमीची फेररचना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. उपग्रहावरून थेट साध्या मोबाईलवर सेवा देण्याचे तंत्र आता प्रत्यक्षात उतरू लागले आहे आणि त्याच सुमारास ग्रामीण रोजगार हमीचा केंद्रीय कायदाही बदलला आहे. सातपुड्यातील किंवा गडचिरोलीतील ज्या पाड्यांवर रेंज नसल्यामुळे मजुरांची हजेरी बुडते, त्यांचा प्रश्न यामुळे सुटेल का, आणि राज्याने नव्या कायद्याखाली आपली योजना लिहिताना नेमका कशाचा आग्रह धरावा?

रोजगार हमीची अंमलबजावणी आणि सामाजिक अंकेक्षण (म्हणजे गावकऱ्यांसमोर होणारी कामांची आणि हिशेबांची तपासणी) ही दोन्ही कामे मी दीर्घकाळ केली आहेत आणि दुर्गम तालुक्यांतील शासकीय कार्यालयांना इंटरनेट जोडणी देण्याच्या कामाशीही माझा संबंध आला आहे. त्या आधारावर माझे मत असे की, हजेरीचा प्रश्न उपग्रहामुळे थोडासाच सुटेल. तो मुळात रेंजचा प्रश्न नसून पुरावा कोणत्या स्वरूपात मागितला जातो, याचा प्रश्न आहे. मात्र उपग्रहाचा एक उपयोग असा आहे की ज्याची चर्चा फारशी होत नाही आणि जो मजुराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. तो म्हणजे कामाच्या मागणीची नोंद आणि तिची दिनांकित पोच. राज्याने आग्रह धरायचा असेल तर आधी या गोष्टीचा धरावा.

हे दोन विषय एकत्र का आले, ते आधी स्पष्ट करतो. विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी अभियान (ग्रामीण) या कायद्याला २१ डिसेंबर २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २००५ च्या महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याची जागा घेण्याचा त्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर तीनच दिवसांनी, २४ डिसेंबरला, इस्रोच्या एलव्हीएम३ या प्रक्षेपकाने श्रीहरिकोट्याहून एएसटी स्पेसमोबाईल या अमेरिकी कंपनीचा ब्लूबर्ड ब्लॉक-२ उपग्रह कक्षेत सोडला. त्याचे वजन सुमारे ६,१०० किलो असून भारतीय भूमीवरून सोडलेला तो सर्वांत जड उपग्रह आहे. त्याआधी ५ नोव्हेंबरला महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक कंपनीशी इरादापत्रावर सही केली होती आणि त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम या जिल्ह्यांचा उल्लेख होता. या बातम्या लागोपाठ आल्यामुळे अनेकांच्या मनात त्यांची सांगड बसली, आणि ती अगदीच चुकीची नाही.

मात्र ब्लूबर्ड आणि स्टारलिंकची आपल्याकडे येऊ घातलेली सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टारलिंकला दूरसंचार विभागाकडून जून २०२५ मध्ये परवाना आणि इन-स्पेस या अंतराळ क्षेत्राच्या केंद्रीय संस्थेकडून जुलैमध्ये अधिकृत मान्यता मिळाली. ही सेवा छतावर बसवायच्या ताटलीवरून येते. ताटली, राउटर आणि वीज असेल तिथे वायफाय मिळते आणि त्या वायफायच्या टप्प्यात असलेला कोणताही स्मार्टफोन चालतो. ब्लूबर्डसारख्या उपग्रहाचा हेतू वेगळा आहे. तुमच्या खिशातल्या नेहमीच्या ४जी हँडसेटला जमिनीवरचा टॉवर सापडला नाही, तर उपग्रहानेच टॉवरचे काम करावे, अशी ती योजना आहे. बीएसएनएलने २०२४ साली व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या साहाय्याने जी सेवा जाहीर केली, तीही थेट हँडसेटवर येणारीच होती, पण ती सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहावरून आणि प्रामुख्याने संदेश व आणीबाणीची हाक यांसाठी.

थेट हँडसेटवर येणाऱ्या सेवेच्या मर्यादा समजून घेतल्याशिवाय तिच्या भरवशावर कोणताही नियम लिहिणे धोक्याचे आहे. मोबाईलची प्रसारणशक्ती जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास असते. जमिनीवरचा टॉवर काही किलोमीटरवर असतो, म्हणून तेवढ्यावर भागते. तोच क्षीण संकेत पाचशे किलोमीटरवरून ऐकायचा तर ऐकणाऱ्याचा कान फार मोठा लागतो, आणि म्हणूनच ब्लूबर्ड ब्लॉक-२ चा अँटेना सुमारे २२० चौरस मीटरचा आहे. शिवाय हा उपग्रह ताशी सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने पळत असतो. त्यामुळे तो एका गावाच्या माथ्यावर काही मिनिटेच राहतो आणि अखंड सेवेसाठी एकामागून एक असे काही डझन उपग्रह लागतात. उपग्रहाचा एकेक झोत जमिनीवर कित्येक किलोमीटरचा परिसर व्यापतो आणि त्याची क्षमता त्या परिसरातल्या सगळ्या फोनांमध्ये वाटली जाते. म्हणूनच जिथे अशी सेवा व्यावसायिक पातळीवर सुरू झाली, तिथे ती आधी मजकुराच्या संदेशांपासून सुरू झाली. न्यूझीलंडमध्ये २०२४ च्या डिसेंबरात आणि अमेरिकेत २०२५ च्या जुलैत हेच घडले. आवाज आणि डेटा हे नंतरचे टप्पे आहेत.

यात भूगोलाची भर पडते. फोन आणि उपग्रह यांच्यामध्ये मोकळे आकाश हवे. अक्राणी किंवा मेळघाटातल्या अरुंद दरीत दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे आकाशाची एक पट्टीच दिसते आणि उपग्रह त्या पट्टीतून जाईपर्यंतच संपर्क राहतो. भामरागडसारख्या ठिकाणी दाट झाडोऱ्याखाली, विशेषतः पावसाळ्यात पाने ओली असताना, संकेत आणखी दुबळा होतो. कौलारू किंवा पत्र्याच्या घरात तर तो पोहोचण्याची अपेक्षाच करू नये. त्याशिवाय मजुरांच्या हातात आजही मोठ्या प्रमाणावर २जीचे बटणवाले फोन आहेत, आणि ही नवी सेवा ४जीच्या भाषेत बोलते. तेव्हा ‘सगळ्यांच्या फोनवर आकाशातून रेंज’ ही जाहिरातीची भाषा झाली. प्रत्यक्षात पाड्यावरच्या दोन-चार जणांच्या फोनवर, उघड्यावर उभे राहिल्यावर, काही मिनिटे संदेश जाईल अशी सुरुवात होईल. आणि मला विचाराल तर हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

आता कामाच्या जागेवर येऊ. २१ मे २०२१ रोजी सुरू झालेले राष्ट्रीय मोबाईल देखरेख प्रणालीचे हजेरीचे ॲप आधी वीस किंवा त्याहून अधिक मजुरांच्या कामांवर आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व कामांवर सक्तीचे झाले. डोंगरउतारावर सलग समतल चर खोदण्याचे काम चालू आहे, अशी कल्पना करा. मेटच्या, म्हणजे कामावर मजुरांची हजेरी घेणाऱ्या, बहुधा गावातल्याच एखाद्या तरुणीच्या, स्वतःच्या फोनवर ते ॲप असते आणि रिचार्जही तिच्याच पैशांतून होते. कामाचे मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, ॲपमध्ये उतरवून घेण्यासाठी तिला आधी रेंजमध्ये जावे लागते. सकाळी मजुरांना ओळीत उभे करून पहिला फोटो काढायचा आणि काही तासांनी दुसरा. चरखोदाईचे काम मोजमापावर असते, म्हणून मजूर उन्हाच्या आधी पहाटेच येऊन आपला वाटा खणून मोकळे होतात, पण दुसऱ्या फोटोसाठी त्यांना झाडाखाली ताटकळत बसावे लागते. फोटो अपलोड होत नसेल तर मेट टेकडीवर चढते. कोणत्या दगडावर उभे राहिले की एक दांडी रेंज येते, हे गावातल्या पोरासोरांनाही पाठ असते.

केंद्राने यावर नेहमी असे उत्तर दिले आहे की, ॲप ऑफलाइन चालते आणि रेंज आली की माहिती वर जाते, तसेच अपवादात्मक परिस्थितीत जिल्हा कार्यक्रम समन्वयक हाताने हजेरी चढवण्याची परवानगी देऊ शकतात. ही दोन्ही विधाने खरी आहेत. अडचण अशी की, अपलोड त्या दिवशी झाले नाही तर तो दिवस मजुराच्या खात्यातून जातो, आणि दोन दिवसांच्या हजेरीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी प्रस्ताव पाठवण्याच्या भानगडीत कोणताही ग्रामरोजगार सेवक सहसा पडत नाही. म्हणजे ‘नेटवर्क नव्हते’ हे सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्याकडे फोनही नाही, त्या माणसावर येऊन पडते.

इथे थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चाळीस मजुरांची एका वेळची हजेरी म्हणजे चाळीस ‘हो’ किंवा ‘नाही’. यंत्राच्या मोजणीत ती पाच बाइटमध्ये मावते. एका साध्या एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, म्हणजे कामाचा क्रमांक, वेळ, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि पूर्ण गटाची हजेरी एकाच संदेशात सहज बसते आणि तरी निम्मी जागा उरते. उलट तीनशे किलोबाइटचा एक फोटो पाठवायचा तर तेवढ्यात दोन हजारांहून अधिक एसएमएस जातील. आकाशातून येणारी सेवा सुरुवातीची काही वर्षे संदेशांपुरती सक्षम राहणार असेल आणि आपण मात्र पुराव्यासाठी फोटो आणि चेहऱ्याची जिवंत पडताळणी मागत राहिलो, तर कितीही उपग्रह वर गेले तरी मेटला टेकडी चढावीच लागेल. नव्या कायद्यात बायोमेट्रिक पडताळणी, स्थाननिश्चितीवर आधारित देखरेख आणि गैरप्रकार शोधण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर यांना थेट स्थान दिले आहे, त्यामुळे ही विसंगती वाढण्याचीच शक्यता अधिक आहे.

आणि एवढे करून फोटो कशाचा पुरावा ठरतो? जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना परिपत्रक पाठवून या ॲपचा कसा गैरवापर होतो, ते नोंदवले. कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोवरून काढलेला फोटो, एकच छायाचित्र अनेक मस्टरना जोडणे, फोटोतील आणि नोंदीतील माणसांची संख्या न जुळणे असे प्रकार त्यात होते. त्यावर उपाय म्हणून ग्रामपंचायत पातळीवर सर्व फोटो माणसांनी तपासावेत, असे सांगण्यात आले. म्हणजे खोटी हजेरी लावणारा शहराजवळच्या भरपूर रेंजमध्ये बसून बिनदिक्कत खोटे फोटो चढवतो आणि बिनरेंजच्या पाड्यावर खरोखर खणणाऱ्याची मजुरी बुडते. सामाजिक अंकेक्षणात मला जे गैरव्यवहार दिसले, ते बहुतेक मोजमाप पुस्तिकेत आणि साहित्याच्या बिलांत लपलेले होते. ते पकडायला रेंज लागत नाही, गावातल्या लोकांसमोर मस्टर मोठ्याने वाचावे लागते.

एक तांत्रिक बाब अनेक अधिकाऱ्यांनाही ठाऊक नसते. फोनमधील स्थाननिश्चितीला मोबाईलच्या रेंजची गरज नसते. जीपीएस किंवा भारताच्या ‘नाविक’ प्रणालीच्या उपग्रहांचे संकेत फोन फक्त ऐकतो, त्यांना उत्तर देत नाही. त्यामुळे टॉवर नसलेल्या जंगलातही फोनला आपली जागा आणि अचूक वेळ कळू शकते, फक्त झाडोरा दाट असेल तर जागेचा अंदाज काही मीटरनी चुकतो. म्हणजेच ‘ही नोंद या ठिकाणी, या वेळी झाली’ हे त्या क्षणी रेंज नसतानाही फोनमध्ये नोंदवता येते आणि फेरफार करता येणार नाही अशा रीतीने कुलूपबंद करून ठेवता येते. ती नोंद मुख्य संगणकाला आज पोहोचली की आठवड्याच्या शेवटी, याने तिच्या खरेपणात काहीच फरक पडत नाही. मस्टर आठवड्याचे असते, मजुरी आठवड्याच्या मोजमापावर निघते. मग अपलोड रोजच्या रोज झालेच पाहिजे, हा हट्ट देखरेख करणाऱ्यांच्या सोयीपलीकडे कशासाठी आहे, ते मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. सात दिवसांची मुदत द्यावी, सोबत मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा कागदी हजेरीपट तितकाच ग्राह्य धरावा, आणि त्या परिसरात त्या दिवशी सेवा बंद होती की नाही, याची माहिती दूरसंचार कंपन्यांकडून शासनाने स्वतः घ्यावी. एवढे केले तर हजेरीचा प्रश्न उपग्रहाविनाच बव्हंशी सुटेल.

आता ज्या मुद्द्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो, त्या मुद्द्याकडे येतो. रोजगार हमीचा कणा मागणी हा आहे. २००५ च्या कायद्यात मजुराने काम मागितले की पंधरा दिवसांत काम द्यावे लागे. न दिल्यास बेकारी भत्ता, पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा. नव्या कायद्यातही पंधरा दिवसांची मुदत आणि बेकारी भत्ता टिकून आहे आणि हमीचे दिवस शंभरावरून १२५ झाले आहेत. पण हे पंधरा दिवस कधीपासून मोजायचे? मागणी अर्जाच्या पोचेवरील तारखेपासून. आणि गावोगावची वस्तुस्थिती अशी की, मागणी अर्जाचा नमुना ४ भरून घेतला जातो तो काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, तारीख कोरी ठेवून किंवा सोयीने टाकून, आणि पोच बहुधा दिलीच जात नाही. कागदोपत्री मागणी आणि काम यांत एक-दोन दिवसांचेच अंतर दिसते, म्हणून बेकारी भत्त्याची वेळ येत नाही, आणि तो अपवादानेच दिला जातो. यात कोणा एका कर्मचाऱ्याचा दुष्टपणा आहे, असे मी म्हणणार नाही. भत्त्याचा भार राज्यावर असतो, जाब खालच्या कर्मचाऱ्याला विचारला जातो, आणि म्हणून पोच न देणे हाच त्याच्यासाठी सुरक्षित मार्ग ठरतो.

नव्या आर्थिक रचनेमुळे हा मोह वाढणार आहे. पूर्वी अकुशल मजुरीचा पूर्ण खर्च आणि साहित्याचा तीन चतुर्थांश खर्च केंद्र करीत असे. आता महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्र ६० आणि राज्य ४० असे प्रमाण आहे, ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांसाठी ते ९० आणि १० आहे, आणि केंद्र प्रत्येक राज्याला निकषांनुसार ठरावीक वाटप करणार असून त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा आहे. मागणी वाटपापेक्षा जास्त झाली तर प्रत्येक जादा दिवसाचा पूर्ण बोजा राज्याच्या तिजोरीवर येईल. अशा वेळी तिजोरी सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत सोपा उपाय म्हणजे मागणीच नोंदली जाऊ नये. काम नाकारणे बेकायदा आहे. मागणी ऐकूच न येणे मात्र कोणत्याही अहवालात दिसत नाही.

महाराष्ट्राला या प्रश्नाचा वेगळा वारसा आहे, तेवढे थोडे विषयांतर करतो. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव परिसरात सुरू झालेली आणि १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कसोटीला लागलेली आपली रोजगार हमी योजना केंद्राच्या पैशांवर उभी राहिलेली नव्हती. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर लावला गेला, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. केंद्राचे शंभर दिवस संपल्यावरही काम मागणाऱ्याला राज्याच्या खर्चाने काम देण्याची तरतूद इथे आहे ती त्याचमुळे. तेव्हा ‘वाटप संपले, आता आमचा नाइलाज’ हे उत्तर इतर राज्यांच्या तोंडी शोभले तरी महाराष्ट्राच्या तोंडी शोभणार नाही.

उपग्रह-मोबाईलचा खरा उपयोग इथे आहे. कामाची मागणी हा मुळात एक छोटा संदेश आहे: जॉबकार्ड क्रमांक, कुटुंबातील किती जणांना काम हवे, कोणत्या तारखेपासून आणि किती दिवस. हा संदेश मोकळ्या आकाशाखाली उभे राहून, उपग्रह माथ्यावरून जात असताना काही सेकंदांत जाऊ शकतो. तो ग्रामपंचायतीच्या संगणकात न जाता थेट राज्याच्या मध्यवर्ती नोंदणीत जावा आणि तिथून लगेच क्रमांक व तारीख असलेली पोच परत यावी. त्या क्षणापासून पंधरा दिवसांचे घड्याळ आपोआप सुरू व्हावे आणि त्याला थांबवण्याचे बटण कोणत्याही स्थानिक अधिकाऱ्याकडे असू नये. सोळाव्या दिवशी काम मिळाल्याची नोंद नसेल तर बेकारी भत्त्याचा प्रस्ताव यंत्रणेनेच तयार करावा आणि भत्ता नाकारायचा असेल तर कारण लेखी नोंदवावे. टॉवर असलेल्या गावांत हीच सोय आजच साध्या एसएमएसने किंवा २जी फोनवरच्या आवाजी मेनूने देता येते आणि त्यासाठी उपग्रहाची वाट पाहण्याचे काही कारण नाही. उपग्रह लागतो तो मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांसाठी आणि अबुझमाडला लागून असलेल्या भामरागडच्या वस्त्यांसाठी, म्हणजे ज्यांची मागणी आज सर्वांत कमी ऐकू येते, त्यांच्यासाठी.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की, ठेकेदार लोकांची जॉबकार्डे गोळा करून त्यांच्या नावाने मागणीचे संदेश पाठवतील. हे होऊ शकते, पण आज कागदावर तेच होत आहे आणि त्याचा मागही राहत नाही. कोणत्या क्रमांकावरून किती कुटुंबांची मागणी आली, हे संदेशांत लगेच दिसते, आणि एका क्रमांकावरून पन्नास जॉबकार्डांची मागणी आली तर गावात जाऊन विचारता येते. दुसरा आक्षेप असा की, ज्या स्त्रिया या कामांवर बहुसंख्येने येतात, त्यांच्याकडे स्वतःचा फोन नसतो. म्हणूनच आशा कार्यकर्ती, अंगणवाडी किंवा महिला बचत गट यांच्यापैकी एकाकडे प्रत्येक पाड्यासाठी एक ४जी हँडसेट योजनेच्या खर्चातून असावा आणि मागणीची पोच कागदावर लिहून मजुराच्या हातात देण्याची जबाबदारी तिच्यावर असावी. हे काम बिनपैशांचे असू नये, एवढे मात्र पाहावे लागेल.

ताटलीवरच्या सेवेचा उपयोग वेगळ्या जागी आहे, आणि तो म्हणजे मजुरी हातात पडण्याच्या शेवटच्या टप्प्यावर. मस्टर बंद झाले, मोजमाप झाले, निधी हस्तांतरण आदेशावर दोन सह्या झाल्या आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात आले, तरी ते काढायला मजुराला बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या गावपातळीवरच्या प्रतिनिधीकडे, जावे लागते. तिथे ‘सर्व्हर डाऊन’ असते किंवा अंगठा लागत नाही. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातील मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. तालुक्याच्या गावी दोन खेपा झाल्या की त्यातला मोठा भाग प्रवासात आणि बुडालेल्या दिवसात जातो. मोठ्या पाड्यांवर बँक मित्र, ग्रामपंचायत आणि आरोग्य उपकेंद्र यांना मिळून एक ताटली दिली तर ही खेप वाचते. अशी ताटली सरासरी ७५ ते १०० वॅट वीज घेते, म्हणून पावसाळ्यात आठवडाभर वीज गेली तरी चालेल एवढे सौर पॅनेल आणि बॅटरी सोबत हव्यात. नाहीतर वर्षभरात ती ताटली छतावरचे भूषण होऊन बसेल. गावोगावी इंटरनेट पोहोचवण्याच्या भारतनेट योजनेतल्या कितीतरी पेट्यांचे ग्रामपंचायतींच्या कपाटांत काय झाले, ते या क्षेत्रातल्या कोणालाही सांगायला नको.

खात्यात पैसे येईपर्यंतचा जो विलंब असतो, त्याला मात्र यातले काहीही लागू पडत नाही. निधी वेळेवर सुटला नाही की आदेश सही होऊनही पडून राहतात, आणि ती दिरंगाई दिल्ली-मुंबईतली असते, पाड्यावरची नव्हे. स्वराज अभियान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये मजुरीच्या विलंबाची जबाबदारी केंद्राला झटकता येणार नाही, हे स्पष्ट केले होते. तीच गोष्ट मोजमापाची. तांत्रिक सहाय्यकाकडे डझनावारी गावे असतील तर मोजमाप उशिराच होणार. दूरसंवेदनाने ते काम होईल, अशीही आशा काही जण दाखवतात. शेततळे उपग्रहाच्या चित्रात दिसते, पण जेमतेम दोन फूट रुंदीच्या चराची खोली चित्रावरून ठरवता येत नाही. तिथे टेप घेऊन माणूसच जावा लागतो.

पैसा कुठून येईल, याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. नव्या कायद्यात प्रशासकीय खर्चाची मर्यादा ६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर नेली आहे. त्या वाढीव तीन टक्क्यांतून पाड्यावरचा हँडसेट, मेटचे रिचार्ज आणि मागणी नोंदवणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन हा खर्च आधी भागवावा, असे राज्याच्या योजनेत लिहून घ्यावे. ताटल्यांचा भांडवली खर्च ग्रामीण आणि दुर्गम भागांतील दूरसंचार सेवेसाठी असलेल्या डिजिटल भारत निधीतून मागता येईल. ट्राय या दूरसंचार नियामकाने मे २०२५ मधील शिफारशींत उपग्रह कंपन्यांकडून समायोजित सकल महसुलाच्या ४ टक्के स्पेक्ट्रम शुल्क सुचवताना सेवावंचित भागांतील ग्राहक-उपकरणांसाठी अनुदानाचा विचार व्हावा, असेही म्हटले होते. थेट हँडसेट सेवेला परवाना देताना मात्र एक अट घालणे गरजेचे आहे: कामाची मागणी आणि तिची पोच हे दोन्ही संदेश आणीबाणीच्या संदेशांप्रमाणे निःशुल्क असावेत, ग्राहकाचे रिचार्ज संपलेले असले तरीही. एका संदेशाचा कंपनीला येणारा खर्च नगण्य असतो. परवाना हातात पडल्यानंतर मात्र ही सवलत मागायला गेलात तर वरातीमागून घोडे.

शेतीच्या हंगामात वर्षाला एकूण साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याच्या तरतुदीबद्दलही विचारणा होते. तिच्या गुणदोषांत इथे शिरत नाही, पण नोंदणीच्या दृष्टीने एक गोष्ट सांगतो. या बंद काळातही मागणीची नोंद चालू राहिली पाहिजे, भले तेव्हा काम देण्याचे बंधन नसो. सातपुड्यातली कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला आणि मोखाडा-जव्हारची वीटभट्ट्यांवर जातात. कोणत्या गावात, कोणत्या आठवड्यात, किती जण काम मागत होते आणि त्यांना ते मिळाले नाही, हे तालुकावार प्रसिद्ध झाले तर साठ दिवस कोणत्या महिन्यांत ठेवायचे, हे राज्याला पुढच्या वर्षी अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

राज्यांना आपली योजना अधिसूचित करण्यासाठी कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. ग्रामसभांनी ठराव करायचे असतील तर ते या काळातच व्हावेत आणि त्यांत ‘आमच्या गावाला रेंज द्या’ एवढेच न लिहिता तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: मागणीची पोच राज्याच्या मध्यवर्ती नोंदणीतून मिळावी, हजेरी चढवण्यास सात दिवसांची मुदत असावी आणि कागदी हजेरीपट ग्राह्य धरावा. पुढे उपग्रह सेवेची चाचणी घ्यायची वेळ येईल, तेव्हा ती एप्रिलच्या निरभ्र आकाशाखाली जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गच्चीवर होऊ देऊ नये. ती जुलै-ऑगस्टमध्ये, दरीतल्या पाड्यावर, गावातल्याच एखाद्या बाईच्या साध्या ४जी फोनवरून व्हावी, आणि पाठवलेल्या संदेशांपैकी किती संदेशांची पोच परत आली, हा आकडा स्वीकृती अहवालात सर्वांत वर लिहिला जावा.